बेगडाखालचा किल्ला

गुरुसिद्धप्पाने लवंगेचे टोक डिंकात बुडवले, श्वास रोखला आणि तोफ म्हणून ती बुरुजावर टेकवली. तेवढ्यात शेजारचा धोंडप्पा दारातून कुजबुजला, "शेटजी, चाँदपाशा जमादार गल्लीत शिरलाय. घरं धुंडाळायलाय. किल्ल्याची खबर सरहद्दीपल्याड कोनतरी पोचवतंय म्हने."

तोफ बुरुजावर बसायची ती गुरुसिद्धप्पाच्या बोटालाच चिकटून राहिली.

देशावरचा इंग्रज निघून गेला होता, पण परंड्यावरचे निजामाचे राज्य अजून जागचे हलले नव्हते. त्या हिवाळ्यात भीती गावावर धुक्यासारखी उतरली होती. दिवस वर आला तरी ती उठत नसे. बाजारात माणसे भावसुद्धा हळू आवाजात विचारत. अशा दिवसांत हा कापडवाला वाणी माजघरात बसून परंड्याचाच किल्ला घडवत होता. किल्ल्यातला एक हात म्हणजे इथे एक तीळ, असे त्याचे माप. भिंती पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या, दारे करवंटीची, खंदक जुन्या पितळी परातीचा पत्रा कापून केलेला. बेलाची पाने तोडायच्या मिषाने तो तटाभोवती पावले मोजत हिंडे. आत मात्र कधी गेला नव्हता. आत पोलिसांचे ठाणे होते. ठाण्यासमोरून जातानाही त्याच्या चपला आवाज न करता चालत.

"अवो, असं बघत काय बसलाव? चुलीत घाला त्ये!" शरणम्मा म्हणाली.

"चुलीत? इतकी वर्सं घातली त्यात."

"आनि तुमास्नी फाशी घातल्यावर म्या काय त्या लवंगा चघळत बसू?"

जमादार कोपऱ्यावरच्या महालिंगप्पाकडे चहाला टेकला होता, तेवढीच उसंत होती. किल्ला दारातून बाहेर निघेना, पलंगाखाली मावेना. शेवटी शरणम्माने दुकानात मोहरमसाठी आणलेला बेगड उचलला आणि खळीचे भांडे पुढे ओढले. तटावर हिरवा चढला, बुरुजांवर रुपेरी, आणि महादरवाज्यावर तर तिने झालरच डकवली. चाँदपाशा उंबऱ्यात आला तेव्हा माजघरात एक झगमगीत, काहीसा चपटा ताबूत उभा होता.

जमादार थबकला. "ताबूत? आनि तुमच्या घरी, शेठ?"

गुरुसिद्धप्पाने लवंग चिकटलेले बोट मुठीत लपवले. शरणम्मा पदर सावरत म्हणाली, "नवस बोलल्यालो, साहेब."

गावात मोहरमला नवस बोलणारी हिंदू घरे काही कमी नव्हती. जमादाराने बूट काढले, पुढे येऊन मान लववली. त्याचा दरडावायचा आवाज एकदम मऊ झाला. "बहुत खूब. पण हे असं कोपऱ्यात न्हाय चालायचं. आमच्या ताबुताच्या बरोबर निघंल ह्यो. सगळ्यांच्या पुढं. मी सोता संगं चालनार."

तो गेल्यावर गुरुसिद्धप्पा म्हणाला, "वाचलो."

"वाचलाव कुठलं? आता वरात निघंल तुमची."

दुसऱ्या दिवसापासून दारात माणसे येऊ लागली. गल्लीतल्या रुद्रम्माने मलिदा आणला, ताबुताला हात लावला, आणि तिचा जुना खोकला त्या दुपारी उसळला नाही. मग काय विचारता! खोकलेकरी आले, दमेकरी आले. एका म्हातारीने ऊद फिरवताना बेगडाचा कोपरा उचकटला, त्यातून तटातली जंगी, बंदूक रोखायचे भोक, डोकावली, आणि गुरुसिद्धप्पाने तिच्यावर खोबऱ्याची वाटी दाबून धरली ती दिवे लागेपर्यंत. बोटे बधिर झाली. प्रत्येक नमस्कारागणिक त्याला आपल्या मानेभोवतीचा दोर अंमळ आवळल्यासारखा वाटे. जितकी श्रद्धा वाढे, तितका त्याचा गुन्हा मोठा होई.

एकच आधार होता. शेवटी ताबूत पाण्यात जातो. पोटच्या पोरासारखे जपलेले ते लाकूड तळाशी जाईल, आणि त्याच्याबरोबर पुरावाही. हे दुःख होते की सुटका, ते त्याला कळत नव्हते.

दाराची चौकट उखडून ताबूत बाहेर काढला. मिरवणूक हलगीच्या तालावर निघाली आणि किल्ल्याच्या खंदकाशी थांबली. पुढे पाणी, पाण्यापलीकडे काळाकभिन्न खरा तट. चौघांनी गुरुसिद्धप्पाचा ताबूत अलगद पाण्यात सोडला. त्याने डोळे मिटले.

उघडले तेव्हा ताबूत तरंगत होता. पांगाऱ्याचे लाकूड ते. त्याला बुडणे ठाऊकच नव्हते. खळ मात्र विरघळली. आधी झालर सुटली, मग हिरवा, मग रुपेरी. आणि खऱ्या किल्ल्याच्या सावलीत, गावादेखत, त्याचा किल्ला उघडावाघडा डुलू लागला. हलगी थांबली.

चाँदपाशा काठावर वाकला. "शेठ, ये क्या है?"

गुरुसिद्धप्पा एक पाऊल मागे सरकला.

"कोंडवाडा है ना?" जमादार म्हणाला. "आमच्या सासुरवाडीला अगदी असाच हाय. जनावरं कोंडायचा."

"व्हय, व्हय, कोंडवाडाच!" शरणम्मा घाईघाईने म्हणाली. "गाय हरवल्याली आमची. तिचाच नवस."

मान फासातून अशी सुटत होती. नुसते गप्प राहायचे होते. पण कोंडवाडा! गुरुसिद्धप्पाच्या आत काहीतरी भीतीहूनही जुने, भीतीहूनही हट्टी असे उसळले.

"कोंडवाडा न्हाय साहेब," तो म्हणाला. "किल्ला हाय. परंड्याचा. ह्यो समोरचा."

शरणम्माने कपाळाला हात लावला. जमादाराने समोरचा तट पाहिला, पाण्यातला पाहिला, पुन्हा समोरचा पाहिला. त्याचा चेहरा लाल होत गेला.

"हा? हा आमचा किल्ला?" तो गरजला. "मशीद कुठाय? कमानी कुठायत? बारव कुठाय? आनि तोफ? अरे, तोफ शिपायांच्या पायखान्यावर ठेवलीय तुमी!"

"आत कदी आलोच न्हाय, साहेब. आतलं सगळं मनानंच..."

"मनानं! दुश्मनानं हे बघितलं तर हसंल आमाला! किल्ल्याची बेइज्जती हाय ही. उद्या सकाळी ठान्यात हजर व्हायचं!"

शरणम्माने सकाळी त्याच्या कपाळाला विभूती लावली आणि तोंड फिरवून रडली. गुरुसिद्धप्पा महादरवाज्यातून आत शिरला तो गळ्यातल्या लिंगावर हात ठेवूनच.

जमादार बुरुजावर उभा होता. हातात काथ्याची दोरी. "आलाव? हे टोक धरा. आता किल्ला बराबर मापानं करायचा. पयला हाच बुरूज घेऊ. लिवा, शेठ!" आणि तो मापे ओरडून सांगू लागला: तटाची रुंदी, तोफेचे तोंड, चोरवाटेची वळणे. त्याचा खणखणीत आवाज तटावरून उडून बाजारापर्यंत जात होता. खाली रस्त्यावरची माणसे थांबून वर बघू लागली.

दोरीचे दुसरे टोक धरून गुरुसिद्धप्पा घामाने निथळत होता.

"साहेब," तो अखेर काकुळतीने म्हणाला, "जरा हळू बोला. कोनतरी ऐकंल."