मागुता येऊं का?

वेंकटरावांची जीप त्या दिवशी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली आणि त्यांनी देवाचं नाव घेतलं. अकरा वर्षांत असं दोनदाच घडलं होतं. दोन्ही वेळा जीप घरी परतली ती दुसऱ्या गाडीच्या मागे बांधून.

जीप छोटी होती, कापडी टपाची, वयाने तिशी ओलांडलेली. वेंकटरावांनी ती एका सरकारी लिलावात घेतली, कारण तिच्या चारही चाकांना जोर देता येत असे. तो जोर त्यांनी आजवर कधी वापरला नव्हता. पण आहे, एवढं पाहुण्यांना सांगता येत असे.

आज दुपारी तीनला आर.टी.ओ.त तिची तपासणी होती. तंजावरात तिला सगळे ‘एफ.सी.’ म्हणतात. पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर. नाहीतर काय, ते सुंदरीबाईंनी कॉफीबरोबरच सांगितलं होतं.

“ऐकलांत का? एफ.सी. जाहलें तर ठेवा तुमची वंडी. नाही जाहलें तर साडेपाचला भंगारवाला येतोंय. मी सांगून ठेवलें आहे त्याला.”

“आधीच कशाला सांगितलें?”

“अकरा वरुषें याला तुम्ही आधीच म्हणतां?”

जीप न सोडण्याचं खरं कारण बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांची मुलगी कीर्तना मराठी समजत असे, पण उत्तर तमिळमध्ये देई. सुंदरीबाई मराठीत बोलत, पण त्यात त्यांचं वाक्य पुरं होऊ देत नसत. वडील गेल्यापासून वेंकटरावांचं मराठी वाक्य क्रियापदापर्यंत ऐकून घेणारी घरात एकटी जीपच उरली होती.

अर्थात या झाल्या सुखदुःखाच्या गोष्टी. गाडीच्या कामाची भाषा मात्र तमिळच. पेट्रोल तमिळमध्ये भरायचं, पंक्चर तमिळमध्ये काढायचं, आणि गाडी मागे घ्यायची असली की मागे उभं राहणाऱ्याने ‘वा, वा, वा’ म्हणायचं. ‘वा’ म्हणजे ये. हे गाडीला म्हणायचं असतं, चालवणाऱ्याला नव्हे, म्हणून त्यात मानपान नसतो. अपवाद फक्त सुंदरीबाईंचा. त्या मागे उभ्या राहून ‘वांगो, वांगो’ म्हणत, म्हणजे ‘यावं, यावं’. गाडी कितीही भंगार असली तरी आत नवरा बसलेला असे.

हँडब्रेक तेवढा लागत नव्हता. तो लावू शकणारा एकच माणूस जगात होता, पापनाशमचा मेकॅनिक सांबशिव. म्हणून सकाळी पापनाशम गाठायचं आणि तीनच्या आत परत यायचं असं ठरलं. बरोबर वादिराजसर होते. हे पुण्याचे निवृत्त प्राध्यापक. तंजावरच्या मराठीतले जुने शब्द गोळा करायला आले होते आणि वेंकटरावांकडेच उतरले होते. गळ्यात रेकॉर्डर, हातात वही. घरात कुणी ‘जाहलें’ म्हटलं की ते घास तोंडाशी थांबवत आणि म्हणत, “वा!”

दोन दिवसांत त्यांचं वजन कमी झालं होतं.

सांबशिवने हँडब्रेक दुरुस्त केला, पण जाताना बजावलं, “सार, आता धरलं तर सोडणार नाही. उगाच ओढू नका.” तेव्हा एक वाजला होता. वेळ भरपूर होता, आणि वेंकटरावांना भरपूर वेळाचीच जास्त भीती वाटत असे.

तीन मैलांवर हमरस्ता बंद. अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलं होतं, उरलेल्या अर्ध्यात पेंढ्याची लॉरी कलंडली होती. लोकांनी हातानेच कालव्याच्या बांधावरचा रस्ता दाखवला. बांध जीपपेक्षा वीतभर रुंद होता. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला पाट. पाटात पाणी नव्हतं, गुडघाभर चिखल होता. अर्ध्या वाटेवर समोरून कापणीचं यंत्र आलं. ते बांधापेक्षा वीतभर जास्त रुंद होतं.

यंत्रवाल्याने वरूनच हात हलवला, म्हणजे मागे जा.

“सर, थोडें उतरून पाठीमागें उभें राहतां का?” वेंकटराव म्हणाले. घाबरले की त्यांचं तमिळ आटे आणि आजोबांच्या वेळचं मराठी वर येई, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. “आरशांत कांहीं दिसत नाही.”

वादिराजसर आनंदाने उतरले. वेंकटरावांनी रिव्हर्स टाकला, मान बाहेर काढली आणि दहा हात मागे येऊन विचारलं, “मागुता येऊं का?”

मागून सरांचा गहिवरलेला आवाज आला, “वा!”

वेंकटराव आले.

“मागुता! वा! वा!”

वेंकटराव आणखी आले.

“अहो, काय शब्द आहे! वा, वा, वा, वा!”

इतक्या वेळा म्हणतायत म्हणजे मागे मैदान असणार, असं समजून वेंकटरावांनी पाय जरा मोकळा सोडला. जीपचं नाक आभाळाकडे गेलं. मागची दोन्ही चाकं पाटात, पुढची बांधावर, आणि वेंकटराव दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखे आडवे.

“तुम्ही वा म्हणालांत!” ते आभाळाकडे बघत ओरडले.

“मनापासून म्हणालो,” सर म्हणाले.

निम्मा बांध मोकळा झालेला पाहून यंत्रवाल्याने वेंकटरावांना नमस्कार केला, एका बाजूची चाकं शेतात उतरवली आणि तो पुढे निघून गेला.

एक पन्नास. वेंकटराव धडपडत खाली उतरले. आता त्या चार चाकांच्या जोराची वेळ आली होती. त्यासाठी पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरची खुंटी हाताने फिरवायची असते, मगच आतला दांडा ओढायचा. डावीकडची खुंटी फिरली. उजवीकडच्या खुंटीला अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ती जागची हलली नाही. एकच फिरली तर जोर दुसरीकडून निसटून जातो. शिवाय आतल्या दांड्याला सुंदरीबाईंची भाजीची पिशवी अडकवलेली होती, आणि गाठ त्यांची होती.

तेवढ्यात फोन वाजला.

“पोंचलांत का?”

“पोंचतोंच आहे.”

“आवाज असा कां येतोंय? निजलांत का?”

“थोडा चढ आहे.”

“तंजावरांत चढ?” सुंदरीबाईंनी विचारलं. वेंकटरावांनी रेंज गेल्यासारखं केलं.

शेतात पेंढा उचलणारी आठ-दहा माणसं होती. त्यांच्यावर नजर ठेवायला अंबा नावाची एक ठेंगणी, पान खाणारी म्हातारी होती. तिने लांबूनच जीप पाहिली, थुंकली आणि माणसांना पाठवलं. दोर आला. पुढच्या हुकाला बांधला. आठ जण दोराला लागले. वेंकटराव आत चढून बसले, इंजिन सुरू केलं, घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा. चाकं चिखल उडवू लागली. जीप थरथरली, वीतभर वर आली. आता फक्त एक हिसका हवा होता. वेंकटरावांनी मान बाहेर काढली, आणि घाबरल्या तोंडातून मराठी बाहेर पडलं.

“ओढा!” ते ओरडले. “ओढा! ओढा!”

इथे एक खुलासा आवश्यक आहे. तमिळमध्ये ‘ओडु’ म्हणजे पळ. ‘ढ’ आणि ‘ड’ यांत फरक करण्याची त्या भाषेला गरज वाटलेली नाही.

आठही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. जीपमधला माणूस डोळे फाडून, जिवाच्या आकांताने पळा म्हणतोय, म्हणजे त्याला वरून काहीतरी दिसलं असणार. “पांबु!” एक जण किंचाळला. साप! दोर टाकून आठही जण शेतात पळाले. जीप मागे घसरली आणि पहिल्यापेक्षा हातभर खोल रुतली.

“अहो, जाताय कुठे? ओढा!” वादिराजसरही मदतीला धावले. त्यांचा ‘ढ’ शुद्ध होता आणि आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा. माणसं आणखी जोरात पळाली. शेजारच्या शेतातलीही पळाली. त्यांच्याबरोबर दोन शेळ्या.

सरांनी ते दृश्य डोळे बारीक करून पाहिलं. मग वही उघडली आणि लिहिलं: ‘ओढणे – (तंजा.) पळून जाणे.’

“लिहूं नका तें,” वेंकटराव काकुळतीला येऊन म्हणाले.

“पुरावा समोर आहे, वेंकटराव. एक नाही, चांगले वीस जण.”

समजावून सांगायचं तर आधी ‘वा’पासून सांगावं लागलं असतं. दोन पंचवीस झाले होते. वेंकटरावांनी शास्त्राचा बळी जाऊ दिला.

अंबा मात्र पळाली नव्हती. तिचे गुडघे दुखत. ती सावकाश बांधापर्यंत आली, पाटात वाकून बघितलं. साप नव्हता. मग तिने तमिळमध्ये विचारलं, “ऐया, पोरांना पळायला का सांगितलं?”

“मी पळा नाही म्हटलं, अम्मा. मी ओढा म्हटलं.”

“तेच तर.”

“ते आमच्या भाषेत... म्हणजे खेचा.”

अंबाने पान चघळणं थांबवलं. “तुमच्या भाषेत खेचायचं असलं की पळा म्हणतात?”

“नाही, म्हणजे...”

“असू दे. तुमची तीच रीत असेल.” तिने पान दुसऱ्या गालात सरकवलं. “आत बसा. तोंड बंद ठेवा. मी सांगते.” मग सरांकडे बोट केलं. “ह्यांचंही.”

माणसं हळूहळू परतली. दोर पुन्हा हातात आला. वेंकटरावांनी दातांत रुमाल धरला. सरांनी वही तोंडावर. अंबा एकदाच म्हणाली, “इळु!” म्हणजे खेच. जीप चिखलाचा मोठा आवाज करत बांधावर आली.

उरलेला रस्ता वेंकटरावांनी रुमाल दातांत तसाच ठेवून कापला. आर.टी.ओ.त पोचले तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. पण इन्स्पेक्टर अजून जेवणावरून यायचे होते. सरांनी आपल्या पंच्याने नंबरप्लेट पुसली. चिखल गेला, आकडे दिसले, आणि खाली गंजही दिसला. सरांनी थोडा चिखल परत लावला.

इन्स्पेक्टर आले. तरुण होते, घाईत होते. दिवे पाहिले, भोंगा ऐकला, टायरला लाथ मारली. मग जीपच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हाताने खूण करत म्हणाले, “वा, वा.”

वेंकटरावांनी ब्रेकवर पाय रोवला. पाटातून निघाल्यापासून त्यांनी मनाशी एक गाठ मारली होती: मागून कुणी ‘वा’ म्हटलं तर हलायचं नाही. ते कौतुक असतं. त्यांनी हँडब्रेक सगळा जोर लावून ओढला, खाली उतरले आणि हात जोडले.

“थँक्यू, सार.”

इन्स्पेक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग जीपकडे. यांना मागे यायला सांगितलं तर हे उतरून नमस्कार करतात, म्हणजे ब्रेक तपासून बघा असंच म्हणायचं असणार. त्यांनी जीपला खांदा लावला. हलली नाही. शिपायाला बोलावलं. दोघांनी ढकलली, तरी नाही. वादिराजसरांनीही हात लावला. जीप इमारतीसारखी उभी होती.

“हँडब्रेक सूपर,” इन्स्पेक्टर म्हणाले आणि सही केली.

ब्रेक सुटायला पाऊण तास लागला, पण तो तपासणीचा भाग नव्हता.

साडेपाचला दहा मिनिटं असताना जीप मेलवीथीतल्या घरासमोर आली. भंगारवाला पायरीवर कॉफी पीत बसला होता. सुंदरीबाई दारात. वेंकटरावांनी कागद खिडकीतून पुढे केला. बाईंनी तो चष्मा लावून वाचला. शिक्का पाहिला. पुन्हा वाचला. चिखलाने माखलेला नवरा पाहिला. वेंकटरावांनी मान खाली घातली, रिव्हर्स टाकला आणि शेडकडे गाडी वळवायला सुरुवात केली. सुंदरीबाई नेहमीसारख्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

“वा,” त्या म्हणाल्या.

वेंकटरावांनी ब्रेक दाबला. तमिळ की मराठी? मागे भिंत होती आणि भंगारवाल्याची सायकल होती. मग हळूहळू उजाडलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात सुंदरीबाईंनी त्यांना तमिळमध्ये नुसतं ‘वा’ कधी म्हटलं नव्हतं. त्या ‘वांगो’ म्हणत. म्हणजे हे मराठी होतं. म्हणजे हे जीपचं कौतुक होतं.

हा शब्द नीट ऐकता यावा म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं.

ते पुन्हा सुरू झालं नाही. जीप निम्मी रस्त्यावर, निम्मी फाटकात. मागे रिक्षा थांबली, मग बस. भोंगे वाजू लागले. सुंदरीबाईंनी कागद कमरेला खोचला, शेजारच्या तिघांना हाक मारली आणि भंगारवाल्याच्या हातातला पेला काढून घेऊन त्यालाही जीपला बांधलेल्या दोराला लावलं.

वेंकटरावांनी मान बाहेर काढून तोंड उघडलं.

“तुम्ही नाही,” सुंदरीबाई म्हणाल्या. “सरांनी वाटेंतच फोनवर सांगितलें आहे मला सगळें.”