बेरिलबाई उठत नाहीत

"येथे बसण्यास सक्त मनाई आहे. – व्यवस्थापन."

बेरिल हार्डकॅसलबाईंनी पाटी एकदा चष्मा लावून वाचली, एकदा चष्मा काढून वाचली, आणि बाकावरून उचलून थेट शेकोटीत टाकली. पुठ्ठा चांगला कोरडा होता, झकास पेटला. मग बाई ऐसपैस बसल्या.

पाटीवर मनाई होती, मनाईचं कारण नव्हतं. सगळा घोळ इथेच झाला. पबच्या मालक कंपनीच्या साहेबांना मनाई करायला फार आवडतं. कारण द्यायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. कारण दिलं तर समोरच्याला अक्कल आहे हे कबूल केल्यासारखं होतं ना! आणखी दोन शब्द लिहिले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

लीड्समधल्या 'लेम गँडर' पबमध्ये बारच्या कडेला, नक्षी कोरलेल्या धूसर काचांआड एक खोली आहे, कपाटाहून जराशी मोठी. एक बाक, एक टेबल, एक शेकोटी आणि बारकडे उघडणारी एक खिडकी. तिला सगळे खोपा म्हणतात. हा पब बघायला लांबून माणसं येतात. हिरव्या-तपकिरी फरशांचा बार बघतात, पितळी दांड्यांवरून बोट फिरवतात, छताचे फोटो काढतात. बिअर ओढायचे पाच हातपंप निरखतात आणि तळघरातल्या पिंपातून ओढलेली एल, म्हणजे जुन्या पद्धतीची बिअर, मागवतात. तिच्यात ना गॅस, ना बर्फ; ती पिंपात जिवंत असते म्हणून जिभेवरही जिवंत लागते. मग खोप्यात डोकावून म्हणतात, "अय्या, किती गोड!"

खोपा गोडबिड काही नव्हता. बाईमाणूस बारशी उभं राहिलं की तिच्या चारित्र्याचा पंचनामा व्हायचा, त्या काळात बायकांना नजरेआड कोंबायला तो बांधला होता. खिडकीतून ग्लास घ्या, गुपचूप प्या, बाजूच्या दाराने चालत्या व्हा. बेरिलबाईंची आई धुण्याच्या दिवशी हात सोलवटले की इथे येऊन बसायची. अपमान म्हणून दिलेल्या जागेचं बायकांनी राज्य केलं. त्या राज्यावर सध्या बेरिलबाई होत्या. जन्मभर सिटी बसवर कंडक्टरकी केलेली बाई. आवाज असा की खालून हाक मारली तर वरच्या मजल्यावरचा फुकट्या उतरून यायचा. नवरा गेला, मुलगी परदेशी गेली, बस गेली. उरला शनिवारचा हा कोपरा.

खिडकी वर सरकली. बारवरच्या मॅन्डीने आत मान घातली.

"अगं बेरिल, बसलीस पण? पाटी होती ना तिथे?"

"होती. आता ऊब देतेय."

"मॅनेजर चिडणार हं, जाइल्स. आज बाक न्यायला माणसं येणारेत. विकलाय तो."

"काय विकलंय?"

"बाक. नि सोमवारी ही काचेची भिंत पाडायचीय. सगळं मोकळं-मोकळं करायचंय म्हणे. उंच टेबलं नि टीव्ही लावणार. पाचातले चार पंपही काढणार. मला तरी कुठे माहीत होतं, आत्ता आल्यावर कळलं."

बेरिलबाई ताडकन उठल्या. म्हणजे वरच्या अर्ध्या बाई उठल्या. खालच्या अर्ध्या जागेवरच राहिल्या.

त्यांनी पुन्हा जोर केला. बाकाने त्यांना खाली ओढलं. त्यांनी हळूच बाकाच्या कडेला बोट लावलं. बोट चिकटलं, सुटताना 'चप्' वाजलं. बोटावर मधाच्या रंगाचं व्हार्निश! गिऱ्हाइकाला बाक चकचकीत दिसावा म्हणून जाइल्सने सकाळीच त्याच्यावर जाड हात मारून घेतला होता. वास येत असणार, पण बाईंच्या नाकाला सिगारेटींनी केव्हाच सेवानिवृत्त केलं होतं. लोकरीचा जाड स्कर्ट व्हार्निश पिऊन बाकाशी एकजीव झाला होता.

"काय गं, काय झालं?" मॅन्डीने विचारलं.

बेरिलबाईंनी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. बारशी नेव्हिल बसला होता. रिटायर झालेला छप्परवाला, जिभेला हाड नाही. 'बेरिलचं बूड बाकाला चिकटलं' ही बातमी त्याला लागली असती तर त्याने ती तिच्या मयतीतही सांगितली असती, आणि पाद्रीसुद्धा हसला असता.

"काही झालं नाही," बाई म्हणाल्या. "मी इथून उठणार नाही."

"उठणार नाहीस?"

"नाही."

मॅन्डीचे डोळे चमकले. ती वळून ओरडली, "नेव्हिल! बेरिल उठणार नाही म्हणते! बाक विकायचा बेत मोडेपर्यंत जागचं हलणार नाही म्हणते!"

यातलं दुसरं वाक्य बेरिलबाई म्हणाल्याच नव्हत्या. पण चळवळी अशाच उभ्या राहतात. एकजण अडकतो, कारण बाकीचे जोडतात.

"शाब्बास म्हातारे!" नेव्हिलने स्टूल सोडलं. "आणि पंप? पंपांचंही सांग की!"

"पंपही राहिले पाहिजेत!" बाई ओरडल्या. आता अडकलोच आहोत तर पंपांनी काय घोडं मारलंय?

बार दणाणला. पाठिंबा द्यायचा तर बोलून दाखवायची इथे पद्धत नाही; इथे पाठिंबा ग्लासातून येतो. खिडकीतून एलचा पहिला अर्धा पाइंट आला. मागोमाग नेव्हिलचा, मग डार्ट खेळणाऱ्या टोळक्याचा, मग छताचे फोटो काढणाऱ्या एका अनोळखी जोडप्याचा. लोक खिडकीशी थांबून डोळे पाणावून बघत. न पिणं म्हणजे त्यांच्या तोंडावर मारणं. बेरिलबाई प्यायल्या. तिसऱ्या ग्लासानंतर त्यांच्या लक्षात आलं की या लढ्याला मुदत आहे, आणि ती कंपनी ठरवणार नाहीये.

तेवढ्यात जाइल्स आला. तरणाताठा मॅनेजर, इंग्लंडच्या दक्षिणेतून आणलेला, निळा सूट, टोकदार बूट. लीड्सच्या एलवर रिवाजाने असणारा बोटभर फेस बघून 'ग्लास भरायचा राहिलाय' म्हणणारा.

"मिसेस हार्डकॅसल, मी आपल्याला नम्र विनंती करतो, कृपया उठा."

"जमणार नाही."

"हे बघा, आम्हाला परंपरेचा आदरच आहे. या बाकाचा मोठा फोटो काढून आम्ही भिंतीवर लावणार आहोत."

"आणि मी फोटोवर बसू?"

बारमध्ये खसखस पिकली. जाइल्सचे कान लाल झाले.

"मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलव! या म्हणावं चौघंजण नि उचला मला. बघू या कोणाची ताकद आहे!" हे बाईंनी अगदी मनापासून म्हटलं. व्हार्निशवर त्यांचा आता पुरता विश्वास बसला होता.

पोलिसांच्या आधी बाक नेणारे आले. दोन दांडगे गडी नि त्यांचा मालक, हातात दोरखंड. मालकाने खोप्यात पाहिलं, बाईंकडे पाहिलं, जाइल्सकडे पाहिलं.

"बाक रिकामा आहे म्हणाला होतात."

"होईल रिकामा."

"होणार नाही," बाई म्हणाल्या. "न्यायचा तर माझ्यासकट न्या. हात लावा, लावा की!"

दोघा गड्यांनी बाकाचं एक टोक जरासं उचलून पाहिलं. दुसऱ्या कुणी किंकाळी फोडली असती. बेरिलबाई बाकाबरोबर तिरप्या झाल्या, पण तसूभर घसरल्या नाहीत, बाकातच कोरून काढल्यासारख्या. हातातल्या ग्लासातला थेंब सांडला नाही.

"बाप रे!" एक गडी पुटपुटला. "माझी आजी अशीच होती. मी नाही उचलणार." दुसऱ्याने टोपी काढली. मालक शिव्या देत बाहेर गेला. गडी मात्र बारशी गेले, आणि खिडकीतून आणखी दोन ग्लास आत आले.

बाईंनी डोळे मिटले. त्यांना आता धबधबे दिसत होते. गळका नळ दिसत होता. पलीकडे मॅन्डी पंप ओढत होती, आणि त्याचा तो 'सुर्रर्र' आवाज थेट काळजात, म्हणजे काळजाच्या बराच खाली, जात होता. एकदा त्यांच्या मनात आलं, सांगून टाकावं. हसतील, हसोत. मग सोमवारची भिंत आठवली, टीव्ही आठवला, उंच स्टुलावर लोंबकळणारे स्वतःचे पाय दिसले. मसणात जाऊ दे ती पोटातली कळ! या लोकांनी आईला इथे कोंबलं, आता मला इथून काढतात? कोंबायचं त्यांनी, काढायचं त्यांनी, आणि आपण काय नुसतं 'थँक यू' म्हणायचं?

"मॅन्डी!" त्या गरजल्या. "ते शिट्ट्या मारणारं जुगाराचं मशिनही बंद कर! नाहीतर मी उठत नाही!"

कोणीतरी तारच उपटली. जाइल्स बघतच राहिला. ही बाई दर दहा मिनिटांनी मागण्या वाढवत होती, आवाज चढवत होती, चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, मूठ टेबलावर आपटतेय. एवढी निष्ठा त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. तो आत आला, खोप्याचं दार लावलं आणि खचून म्हणाला, "ठीक आहे. आपण दोघं शांतपणे बोलू."

आणि तो बाईंच्या शेजारी बाकावर बसला.

व्हार्निश वाळल्याची त्याला खात्री होती. रंगाऱ्याने तसं सांगितलं होतं, शिवाय बाई केव्हाच्या मजेत बसल्या होत्याच की! बेरिलबाईंनी तोंड उघडलं होतं. 'अरे, बसू नकोस' हे शब्द ओठांवर आलेही होते. पण मग पाटीने कारण गिळलं होतं, तसेच त्यांनी ते गिळून टाकले.

"बोल," त्या म्हणाल्या.

जाइल्स भडाभडा बोलला. वरचे साहेब कसे आहेत, विक्री कशी घटलीय, हा पब चालला नाही तर त्याची नोकरी कशी जाणार आहे. बोलता बोलता खिशातला फोन वाजला. फोन घ्यायला तो उठला. म्हणजे उठायला गेला.

बेरिलबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आधी आश्चर्य. मग बोटाने चाचपणं. मग 'चप्'. मग तो सावकाश त्यांच्याकडे वळला.

"तुम्हीपण?"

"दुपारपासून."

"म्हणजे हे सगळं..."

"हे सगळं खरं आहे," बाई दातओठ खात म्हणाल्या. "उठता आलं असतं तरी उठले नसते. आता फोन घे, नि बाहेर एक अक्षर बोललास तर तुझ्या पँटची गोष्ट आधी नेव्हिलला सांगेन."

फोनवर मोठे साहेब होते. बाक नेणाऱ्याने तक्रार केली होती. आवाज एवढा चढा होता की खिडकीशी लोटलेल्या माणसांनाही ऐकू गेला: "जाइल्स, तू काय करतोयस तिथे?"

"बसलोय, सर."

"बसलोय? त्या बाईबरोबर? ताबडतोब ऊठ!"

जाइल्सने एकदा जोर केला. "उठता येत नाही, सर."

खिडकीशी सगळ्यांनी कान टवकारले.

"येत नाही म्हणजे? मी सांगतोय, ऊठ!"

"सर, मी मनापासून सांगतो, मला शक्य नाही."

छप्पर उडेल असा जल्लोष झाला. नेव्हिल, ज्याने जाइल्सला आजवर 'ए निळ्या सुटा' याखेरीज हाक मारली नव्हती, तो ओरडला, "आपला माणूस! पोरगा आपला निघाला रे!" टाळ्या, टेबलं बडवणं, शिट्ट्या. लीड्समध्ये आल्यापासून जाइल्सकडे बघून कोणी साधं हसलंही नव्हतं. आणि मग जे त्याला व्हार्निशने करायला लावलं नव्हतं, तेही त्याने केलं. तो फोनमध्ये खणखणीत बोलला, "आणि सर, भिंत पाडायची नाही. पंप काढायचे नाहीत. इथे आज जेवढी माणसं प्यायला उभी आहेत तेवढी मी कधी बघितली नाहीत. मला काढायचं तर काढा, पण ते इथे येऊन, माझ्या तोंडावर सांगा!"

मग साहेबांनी विचारलं, "मागे आवाज येतोय ती सगळी गिऱ्हाइकं आहेत?"

"हो, सर."

"सगळे पितायत?"

"हो, सर."

"हं. मग राहू दे तूर्त," म्हणून साहेबांनी फोन ठेवला. तत्त्वाने न झुकणारी माणसं गल्ल्यापुढे कशी पटकन लवतात!

"जिंकलो!" नेव्हिल दाराकडे धावला. "दोघांना खांद्यावर घ्या रे! मिरवणूक काढू!"

"खबरदार!" बेरिलबाई आणि जाइल्स एका सुरात किंचाळले.

"अजून लढतायत," गर्दीत कोणीतरी भारावून म्हणालं.

"दार बंद! खिडकी बंद! फक्त मॅन्डी आत येईल," बाईंनी फर्मान काढलं. "येताना बाहेरच्या खुंटीवरचा माझा लांब कोट आण. आणि लिंबं कापता ना तुम्ही, त्या सुरीपेक्षा काहीतरी मोठं आण."

मॅन्डी ट्रेखाली कात्री लपवून आली. तिला सगळं कळायला एक क्षण लागला, हसू आवरायला बरेच. जाइल्सने भिंतीकडे तोंड करून डोळे गच्च मिटले. कात्री स्कर्टभर गोल फिरली.

दार उघडलं. गळ्यापासून घोट्यापर्यंत कोटाची बटणं लावून, मान ताठ, बेरिलबाई बाहेर आल्या. लोकांनी दोन्ही बाजूंना सरून वाट करून दिली. कोणी हात पुढे केला, कोणी डोळे पुसले. बाईंनी कोणाकडेही पाहिलं नाही. बारचा सगळा लांबलचक रस्ता त्यांनी महाराणीच्या चालीने, पण महाराणीच्या दुप्पट वेगाने पार केला आणि बायकांच्या स्वच्छतागृहाचं दार धाडकन लावून घेतलं.

परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर शांती होती. खोप्यासमोर मात्र गर्दी वाढलेलीच. जाइल्सकडे असा लांब कोट नव्हता, आणि एकुलत्या एका सुटाला कात्री लावू द्यायला तो तयार नव्हता.

"हा काही उठत नाही!" नेव्हिल अभिमानाने सगळ्यांना सांगत होता. "म्हणतो, लेखी हातात पडल्याशिवाय हलणार नाही! काय पोरगा आहे!"

खिडकीतून एकामागून एक ग्लास आत चालले होते. जाइल्स एकेक घेत होता, हसून मान हलवत होता, पीत होता.

बेरिलबाई बारशी गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा बारशी, सगळ्यांच्या देखत, कोपर टेकून उभ्या राहिल्या. मॅन्डीकडून अर्धा पाइंट मागितला आणि गर्दीतून वाट काढत तो स्वतःच खिडकीतून आत सरकवला.

"घे," त्या हळूच म्हणाल्या. "पण बाळा, सावकाश पी."