करडीच्या आठ फारमांची तपासणी

संगणक बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावणाऱ्यांतला मी नाही! करडी गावात माझं आठ संगणकांचं केंद्र आहे, आणि त्या आठांची नाडी मला ठाऊक आहे. पोरं एकमेकांच्या नावानं आत शिरून चावटपणा करायची, तर मी स्वतः प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं ‘पहारेकरी’. माझ्या टेबलावरून ‘तपासा’ हे बटण दाबलं की तो तारेतून आठही संगणकांवर फेरी मारून यायचा. आहे की नाही डोकं?

त्या दिवशी अंगणवाडी मदतनीस भरतीची शेवटची तारीख होती. पाच वाजता साइट बंद! भर रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आठ बाया हातपाय धुऊन हजर झाल्या. त्यांत मंगलाबाई सगळ्यात पुढे.

“सर, मी रोवना सोडून आली,” ती म्हणाली. “लोकाच्या बांधीत चिखल तुडवून कंबर गेली माही. हा फारम गेला तं पुढची भरती कवा निघन, काय मालूम?”

“मी आहे ना!” मी म्हणालो. प्रत्येकीला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड कुठे देत बसणार? मी फर्मान काढलं, “सगळ्याजणी ‘करडी’ नावानं आत जा!”

अर्ध्या तासात फॉर्म भरत आले. कौतुक करून घ्यायची हीच वेळ! “आता बघा माझा पहारेकरी,” म्हणत मी बटण दाबलं.

आठही पडदे काळेठिक्कर! मग नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट. फॉर्म गायब!

“बाप्पा!” मंगलाबाई ओरडली. “माह्या बापाचं नाव टाकून राहिली होती न मी!”

माझ्या पडद्यावर मात्र हिरव्या अक्षरांत लिहून आलं: सगळं सुरळीत! म्हणजे प्रोग्राम निर्दोष. दोष तारेचा! मी टेबलाखाली शिरलो, आठही तारा काढून पुन्हा खोचल्या आणि डोक्याला टेंगूळ घेऊन बाहेर आलो. बाया पुन्हा ‘करडी’ नावानं आत गेल्या, पुन्हा पहिल्यापासून लिहू लागल्या. दुरुस्ती केली की तपासणी हवीच! मी बटण दाबलं.

पुन्हा काळेठिक्कर! आणि इकडे हिरवं: सगळं सुरळीत!

“व्होल्टेज!” मी गरजलो आणि पंखे बंद केले. बाया पदरानं वारा घेत तिसऱ्यांदा लिहू लागल्या. मी तपासलं. पडदे गेले!

आता एकच संशयित उरला. शेजारचा धनीराम वेल्डिंगवाला! मी धावत गेलो. “बंद कर ते! तुझ्या ठिणग्यांनी माझं नेटवर्क जळून राहिलं!”

“माह्या ठिणग्या भिंतीतून येऊन राहिल्या का?” धनीराम भडकला. “गिऱ्हाईक फाटकासाठी उभं आहे न इथं!” पण मी त्याचं मशीन बंद करूनच परतलो, आणि बाया निम्म्यावर आल्या तसं तपासलं.

पडदे गेले! घड्याळात सव्वाचार. मंगलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं हो! मी पुन्हा टेबलाखाली शिरणार, तेवढ्यात तिनं पदरानं डोळे पुसले.

“सर, तुमी ते बटन दाबता न, तवाच आमचं जाते.”

“अहो, ते तपासायचं बटण आहे!”

“मंग कायले तपासता? नोका तपासू न! तुमी जरा बाहेर बसा, जी.”

माझ्याच केंद्रातून मला बाहेर! धनीरामनं दुकानातलं स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो. सव्वाचार, साडेचार, पावणेपाच... आणि आतून आरोळी, “झाला! माहा झाला!” मग दुसरी, तिसरी, आठही! मी स्टुलावरून उडीच मारली!

तेवढ्यात डोक्यात लख्ख उजेड पडला. एकच नाव दोन ठिकाणी दिसलं, तर दोन्हीकडच्यांना थेट बाहेर काढायचं, हे पहारेकऱ्याला मीच शिकवलं होतं! आणि आठही बायांना एकच नाव देणारा महाभागही मीच! सगळ्यांना हाकलल्यावर आत कोणीच उरायचं नाही, म्हणून सगळं सुरळीत!

मी छाती फुगवून आत गेलो. “सापडला बिघाड!” मी जाहीर केलं.

“आमालेही सापडला होता,” मंगलाबाई पावतीची घडी पदरात बांधत म्हणाली. मग तिनं हळूच, आदरानं विचारलं, “सर, उद्या पोरीचा स्कॉलरशिपचा फारम भराचा आहे. उद्या तुमी कुठं गावाले जाता का?”

धनीरामनं तेव्हापासून ते स्टूल माझ्यासाठी वेगळंच ठेवलं आहे.