आईच्या भूमिकेसाठी अपात्र

हितेंद्र राणे लालबागहून टोरांटोला गेला आणि तिथे सिनेमावाला झाला. स्थलांतरित दिग्दर्शक अशी त्याची रीतसर ओळख ठरली. पहिला कथापट त्याने गोदामात राबणाऱ्या स्वतःवरच काढला. यात कल्पना नावालाही नाही, असं म्हणून परीक्षकांनी त्याला माहितीपटाचं पारितोषिक दिलं. मग त्याने शेजारच्या स्थलांतरितांवर माहितीपट केला. त्यातली माणसं खदाखदा हसत होती. स्थलांतरित इतके हसत नसतात, सबब हे काल्पनिकच, असा निर्णय होऊन त्याला कथापटाचं पारितोषिक मिळालं. दोन्ही प्रकारांत त्याचा अधिकार सिद्ध झाला.

पुढचा चित्रपट मायदेशी राहिलेल्या आईवर असावा, असं तिथल्या कला मंडळाने सुचवलं. हितेंद्र कॅमेरा घेऊन लालबागला उतरला.

अडचण आईचीच निघाली. चाळीच्या जागी टॉवर उभा होता. कालिंदीबाई एकोणिसाव्या मजल्यावर राहत, मैत्रिणींबरोबर रमी खेळत आणि जिंकल्या की टाळ्या पिटत. नमुन्याची दृश्यं पाहून मंडळाने कळवलं : आई वाट पाहताना दिसत नाही.

"आई, खिडकीतून जरा लांब बघ ना."

"लांब काय बघू? समोर दुसरो टॉवर आसा."

शेवटी टॉवरच्या पार्किंगमध्ये प्लायवूडची चाळ उभारण्यात आली. सोसायटीचे सचिव रमाकांत यांनी परवानगी दिली, पण ओलसर भिंती रंगवून होताच जुन्या भाडेकरूंनी आपापल्या खोल्यांवर हक्क सांगितला आणि सेटच्या पुनर्विकासासाठी समिती नेमली.

आईच्या भूमिकेसाठी निवड चाचणी झाली. कालिंदीबाईही रांगेत उभ्या राहिल्या.

"काकू, तुम्ही आई वाटत नाही," निवड करणारी सलोनी म्हणाली. "तुमच्यात विरह कमी पडतो."

"मेल्या, तुझी आवस मीच ना?" कालिंदीबाईंनी लेकाला विचारलं.

"हो गं, पण निर्णय टीमचा असतो."

भूमिका सुरुची नावाच्या नटीला मिळाली. कालिंदीबाईंनी तिला बोंबील तळायला शिकवलं. त्या प्रसंगाचे इतके टेक झाले, की हितेंद्र रोज पार्किंगमध्येच जेवू लागला. वर कालिंदीबाई ताट झाकून ठेवत. "आई, शूटिंगमध्ये जेवलो," असा मेसेज येई. त्यांनी रमी सोडली. खिडकीशी बसून त्या खाली पार्किंगच्या फाटकाकडे बघू लागल्या.

एकदा सलोनी पाणी मागायला वर आली आणि त्यांना तशा बसलेल्या पाहून दारातच थबकली.

"काकू, आता तुम्ही परफेक्ट आहात! पण काय करणार, कास्टिंग झालं."

शूटिंग संपलं त्याच रात्रीच्या विमानाने हितेंद्र परत गेला. आईशी बोलायचं राहिलंय, हे त्याला विमानात आठवलं. त्याने ते लगेच शेवटच्या प्रसंगाच्या निवेदनात घातलं.

चित्रपटाचा खेळ दादरला झाला, त्यासाठी हितेंद्र टोरांटोहून आला. थिएटर हुंदक्यांनी भरून गेलं. खेळानंतर हितेंद्रने सुरुचीला मंचावर बोलावलं आणि वाकून तिच्या पाया पडला. लेक नीट दिसावा म्हणून प्रेक्षकांत बसलेल्या कालिंदीबाई गुडघ्यांवर हात रेटत उभ्या राहिल्या.

"अहो आजी, बसा ना खाली," मागच्या रांगेतून आवाज आला. "आई दिसत नाहीये."

बोलणारे गृहस्थ उद्धट मुळीच नव्हते. तुमच्या-माझ्यासारखेच सुसंस्कृत होते. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं.