हणमंतप्पांची सहावी भेट

तुळजापुरात लॉज पुष्कळ, पण गिऱ्हाईकाला तोंडावरून ओळखणारा एकच. माझा! संक्रांतीपासून काउंटरवरचा कॅमेरा येईल त्याचा चेहरा, रजिस्टरातल्या नावासकट, गुपचूप टिपत होता. परवा त्याला बोलका स्पीकर जोडला. म्हणलं, आता बघा चमत्कार!

पहिलेच आले उमरग्याचे कापडवाले हणमंतप्पा, सोबत बायको सिद्धम्मा. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला अन् साखरेच्या पाकात बुडवलेला बाईचा आवाज आला, "सुस्वागतम, हणमंतप्पा! ही आपली सहावी भेट!"

माझ्या अंगावर काटा आला. दाढी वाढलेली, डोक्याला टॉवेल, तरी ओळखलं!

सिद्धम्मांनी पिशवी खाली आदळली. "अय्यो! सहावी? अन् ही बाई कोण?"

"बाई न्हाय, मशीन हाय," मी म्हणालो.

"मग मशीनला यांचं नाव कसं ठावं? ओ, तुमी तर सोलापूरला माल आणाय जात होता नव्हं?"

हणमंतप्पांचा चेहरा असा उतरला, की आता मशीननंबी ओळखला नसता! "मालक, पुसा ते!" ते ओरडले.

मागं धाराशिवच्या आरोही वकील उभ्या होत्या. "परवानगी घेतली होती का यांची?"

"कशाची?"

"चेहऱ्याची! पासवर्ड बदलता येतो, चेहरा बदलता येतो का? न विचारता साठवलात, वर चारचौघांत बोंबललात. यांनी तक्रार केली तर दंड भरायला लॉज विकावा लागेल!"

मी पुसायचं बटण शोधू लागलो.

"थांबा!" सिद्धम्मा गरजल्या. "आधी दाखवा, मग पुसा."

मी वकीलबाईंकडं बघितलं. "चेहरा त्यांचा. ते हो म्हणाले तरच," त्या म्हणाल्या.

हणमंतप्पांनी घाम पुसत मान डोलावली.

पडद्यावर पाच फोटो आले. पाचही वेळा एकटेच, अनवाणी, हातात देवीच्या ओटीचं ताट.

"तुझं ऑपरेशन ठरलं तवा नवस बोललो होतो आईला," ते पुटपुटले. "पाच पौर्णिमा येईन म्हणून. तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस."

वकीलबाईंनीबी नाक ओढलं. मी तर मशीनकडं बघतच राहिलो. माणसाच्या पोटातलंबी दिसतं याला! हात जोडणार, एवढ्यात सिद्धम्मांनी पदरानं डोळे पुसले.

"पाच येळा एकटं आलात? मला एकदाबी आणावं वाटलं न्हाय?"

मी आधी सगळे चेहरे पुसले. मग त्यांना चाव्या दिल्या. दोन. वेगवेगळ्या खोल्यांच्या!