नारंगी काही वाळेना

गच्चीतल्या दोरीवर लेकीच्या फिन्स टांगून आरशाने वाळल्यात का ते बोट लावून पाहिलं, तर बोट मागे आलं आणि बोटामागून रंगही आला. लेक उद्या सकाळी निघणार होती.

'आरसा' हे त्याचं गॅरेजमधलं नाव. त्याने रंगवलेल्या गाडीच्या दारात तोंड बघून माणसं भांग पाडत. असल्या हाताला दोन रबरी फिन्सची काय मातब्बरी? पोहताना पायात चढवायच्या त्या, बदकाच्या पंजासारख्या. मूळच्या काळ्या, आता राखाडी पडलेल्या. लेकीला दूरच्या समुद्रावर बुडत्यांना वाचवायची नोकरी लागली होती. ही बातमी द्यायला ती गॅरेजमध्ये धावत आली, तेव्हा हा तोंडावरचा मास्कही न काढता म्हणाला होता, "का, इथलं पाणी आटलंय?" तेव्हापासून 'मीठ दे' आणि 'दार लाव' यापलीकडे बापलेकीत बोलणं उरलं नव्हतं. चूक कबूल करायला शब्द लागतात. आरशाकडे नुसते रंग होते. त्यातला सगळ्यात झळझळीत नारंगी त्याने निवडला. भर समुद्रात लांबूनही नजरेत भरेल असा.

बायको वर आली. "अहो, हे काय मांडलंय?"

"वाळेल आत्ता."

"पत्र्यावर वाळतो. हे रबर आहे."

"रंगातलं मला शिकवू नकोस."

इथेच घोडं अडलं. आता वाळणं हा इज्जतीचा सवाल झाला. गॅरेजमध्ये रंग रुसला की त्याला दिव्याची ऊब देतात, म्हणून त्याने लेकीचा केस वाळवायचा ड्रायर आणला. ऊब लागताच रबर मऊ पडलं आणि दोन्ही फिन्स एकमेकींना बिलगल्या, माहेरवाशिणी बिलगाव्यात तशा. त्या सोडवून पेपरावर ठेवल्या, तर उचलताना पेपर सोबत आला. पेपर थिनरने पुसला, तर रंगाचा चिखल झाला. त्यावर पुन्हा नवा हात मारला. ऊन कलत गेलं, नारंगी ओला तो ओलाच. अखेर मानापमान गिळून त्याने रंगाच्या दुकानदाराला फोन लावला.

"रबर?" दुकानदार खो खो हसला. "आरसेबुवा, पत्रा गप पडून राहतो हो! रबर आतून तेल सोडतं, वाकतं, वळतं. तुमचा गाडीचा रंग त्यावर जन्मात वाळायचा नाही. लवचीक अस्तर द्यायला हवं होतं आधी."

"आणि आता?"

"आता काय! आधी करायचं ते आधीच करावं लागतं."

तो बोलला रबराविषयी, लागलं ते भलतीकडेच.

सकाळी आरशाने अंगाला लावायच्या पावडरचा डबा फिन्सवर उपडा केला. चिकटपणा दडला, फिन्स पिठात लोळून आल्यासारख्या दिसू लागल्या.

"बाबा, माझ्या फिन्स कुठायत? गाडी आलीय खाली!"

त्याने पाठीमागे लपवलेले हात पुढे केले. लेक बघतच राहिली.

"तुम्ही रंगवल्या?"

"लांबून दिसाव्यात म्हणून..." तो फिन्सवरची पावडर फुंकू लागला. "कामावर चालतील ना गं? माझ्यापायी घरी पाठवतील तुला."

"कामाच्या तिथे नव्या देतात, बाबा. या मी अशाच नेत होते." तिने त्याच्या हातातून एक फिन घेतली. "तुम्ही आणलेल्या म्हणून."

आरशाला वाटलं, तो राखाडी परत मिळत असेल तर सगळे रंग देऊन टाकावेत. "आहेत तशाच बऱ्या होत्या," तो पुटपुटला.

"छे! घालून दाखवते की!"

आतल्या खोलीत बसून तिने फिन्स चढवल्या. त्या घालून पुढे चाललं तर पातं दुमडून माणूस तोंडावर आपटतं. म्हणून आईबापाकडे तोंड करून, मागे मागे सरकत, फटाक फटाक करत ती थेट दारापर्यंत गेली. उंबऱ्याशी पावडरने दगा दिला. पाय आत चिकटले. "आई, ओढ! बाबा, धरा!" एक फिन बायकोने ओढली, एक आरशाने; दोन्ही एकदम सुटल्या आणि तिघं तीन दिशांना पडली. कितीतरी दिवसांनी त्या घरात हसू फुटलं. खालून गाडीने हॉर्न दिला. फिन्स पिशवीत कोंबून लेक जिना उतरली, आणि त्या हसण्याच्या गडबडीत आरशाचं सांगायचं राहूनच गेलं.

बायकोने फडकं आणि थिनरची बाटली त्याच्यासमोर ठेवली. "फरशी बघा काय झालीय ती. ओलं आहे तोवर पुसा."

तो फडकं घेऊन उकिडवा बसला. नारंगी पंजे आतल्या खोलीपासून उंबऱ्यापर्यंत उमटले होते. तो बघत राहिला, बघतच राहिला.

आवाज ऐकून समोरची शेजारीण दारात डोकावली. "अगं बाई! एवढाल्या पायांचं कोण आलंय हो घरात?"

"आलंय कुठलं, वहिनी," बायको डोळे टिपत म्हणाली, "अहो, लेक आत्ताच..."

"लेक आलीय," आरसा म्हणाला, आणि त्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. प्रत्येक पंजाची टाच दाराकडे होती, बोटं घराकडे.