शून्य न बघता मोजलेली काच

हे मला लिहायचं नव्हतं. लेक माहेरी आलीय आणि दोन दिवस माझ्या डोक्यावर बसलीय. "बाबा, शिक्षा आहे ही तुमची. स्वतःच्या हातानं लिहून काढा." लिहायचा कंटाळा म्हणून मी चौथीत शाळा सोडली, आणि आता सत्तरीत ही मास्तरीण भेटली. बरं, लिहितो. पण एक आधीच सांगून ठेवतो. ही गोष्ट माझी नाही, एका म्हाताऱ्याची आहे. त्याला माझ्यासारखंच टक्कल आहे, माझ्यासारखीच एक बायको आहे आणि आमच्यासारखंच पहिल्या मजल्यावर घर आहे. असतात अशी माणसं. नसत्या चौकशा करू नका.

तर हा म्हातारा. चौतीस वर्षं ट्रकच्या वजनकाट्यावर नोकरी केली. ट्रक काट्यावर चढला की वजन बघायचं आणि चिठ्ठी फाडून द्यायची. रोज सकाळी आल्या आल्या पहिलं काम एकच, रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघायचं. शून्य बघितल्याशिवाय त्यानं कधी चिठ्ठी फाडली नाही. (हे तुम्ही लक्षात ठेवा. त्याच्या लक्षात राहिलं नाही.) त्यामुळे मापाचा विषय निघाला की त्याची छाती फुगायची. बाकी हातात कला म्हणाल तर नाव नको. खिळा ठोकायला घेतला की शेजारी भिंतीवरचे फोटो उतरवून ठेवायचे.

समोरच्या इमारतीत, अगदी म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, दोन वर्षांपूर्वी एक घड्याळजी राहायला आला. मधली बोळ इतकी चिंचोळी की इकडून वाटी पुढे केली तर तिकडच्यानं चमचा घालावा. घड्याळजी एकटा. बायको गेलेली, दुकान मुलाच्या हवाली केलेलं. अंगानं काटकुळा, बोटं बाईसारखी नाजूक, बोलणं गोड. आल्या महिन्यातच त्यानं म्हाताऱ्याच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून दिलं. ते घड्याळ म्हातारा सहा वर्षं बुक्की मारून चालवत होता! मग मिक्सर झाला. मग म्हातारीचं शिवणाचं मशिन.

झालं. घरात दिवसभर भाऊजी.

"भाऊजींनी तेल घातल्यापासून मशिन कसं फुलासारखं चालतंय."

"भाऊजी म्हणत होते, नळाचा वॉशर गेलाय."

"भाऊजींचा आवाज कधी चढलेला ऐकलाय का तुम्ही?"

म्हाताऱ्यानं एकदा मोजलं. सकाळपासून जेवणापर्यंत भाऊजी एकवीस वेळा आले. स्वतः म्हातारा दोनदा आला, आणि दोन्ही वेळा "जरा सरका" एवढंच.

मग माणसानं करावं काय? म्हातारा खिडकीशी उभा राहू लागला. हातात चहाचा कप, नजर समोर. घड्याळजी जेवतोय, बघ. घड्याळजी भांडी घासतोय, बघ. घड्याळजी नुसता बसलाय, तरी बघ. बायकोनं विचारलं तर "हवा खातोय" म्हणायचं. खिडकी बंद असली तरी हवाच खायची.

एका आठवड्यात मात्र वेगळंच सुरू झालं. म्हातारी तीन दुपारी ओळीनं पिशवी घेऊन समोर गेली.

"कुठे निघालीस?"

"इथेच."

"कशाला?"

"काही नाही हो."

चौथ्या दुपारी म्हातारा खिडकीला चिकटला. समोर घड्याळजी दोन्ही हात पसरून, पाठ करून ताठ उभा होता. म्हातारी त्याच्याजवळ होती आणि तिच्या हातात तिचा पिवळा टेप होता. माप घेत होती! दोघं हसतही होती.

आता तुम्हाला सांगायला हवं. म्हातारी गल्लीतल्या बायकांचे, पोरींचे कपडे शिवायची. पण पुरुषाचा शर्ट तिनं सगळ्या आयुष्यात एकाच माणसाचा शिवला. दर वर्षी एक. लग्नाला चाळीस वर्षं झाली, म्हणजे चाळीस शर्ट. म्हाताऱ्याकडे मिरवण्यासारखं दुसरं होतंच काय? आणि आता त्याच टेपनं त्या काटकुळ्याची छाती मोजली जात होती.

नीट दिसावं म्हणून म्हातारा पुढे झुकला. कपाळ काचेला टेकलं. अजून जरा झुकला. आणि कडकन आवाज झाला.

काच फुटून बोळीत पडली. खाली कुणी नव्हतं हे नशीब. म्हातारा झटकन ओट्याखाली बसला आणि बायको धावत येईपर्यंत तिथंच बसून राहिला.

"अहो! काय झालं?"

"पाखरू आदळलं."

"कुठलं पाखरू?"

"मोठं होतं."

"मग कुठे गेलं?"

"उडालं. घाईत होतं."

"आणि तुमच्या कपाळाला टेंगूळ कसलं?"

"तेच पाखरू."

म्हातारीनं फुटक्या खिडकीकडे बघितलं, टेंगळाकडे बघितलं, आणि म्हणाली, "थांबा, भाऊजींना हाक मारते. दहा मिनिटांत बसवून देतील."

"काही गरज नाही. मी बसवतो."

"तुम्ही?"

बाकी काही नाही, पण हा 'तुम्ही?' म्हाताऱ्याला फार लागला. फुटलेली काच राहिली बाजूला. आता ही काच आपल्या हातानं बसली नाही तर या घरात आपण फक्त सरकण्यापुरते उरलो, हे त्याला पक्कं कळलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी अंघोळीला गेल्यावर त्यानं मशिनच्या खणातून तो पिवळा टेप काढला. (हातात घेताना रागच आला. वास घेऊन बघितला. तेलाचाच होता.) चौकट मोजली. रुंदी अठरा इंच, उंची चोवीस. पुन्हा मोजली. अठरा, चोवीस. तिसऱ्यांदाही तेच. वजनकाट्यावरचा माणूस तीनदा मोजतो. आकडे तळहातावर लिहिले आणि निघाला.

काचवाल्यानं विचारलं, "साधी का दुधी, काका?"

म्हाताऱ्याला एकदम कल्पना सुचली. "दुधी. एकदम घट्ट दुधी. पलीकडचं काही दिसता कामा नये."

"बाथरूमला का?"

"स्वयंपाकघराला."

काचवाल्यानं वर बघितलं. "स्वयंपाकघरात असं काय करता, काका?"

"तू काच काप."

ती काच वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन्ही हातांनी छातीशी धरून म्हातारा खेकड्यासारखा आडवा चालत घरी आला. वाटेत ओळखीच्यांनी हात केला, याला हात करता येईना. दोघंजण रागावले, ते अजून बोलत नाहीत. बोळीच्या तोंडाशी नेमका घड्याळजी.

"द्या इकडे, मी एक बाजू धरतो."

"माझं मी बघतो," म्हातारा म्हणाला. "तुम्ही तुमची मापं द्या."

घड्याळजीला काही कळलं नाही. पण तो गोरामोरा झाला, हे म्हाताऱ्यानं बरोबर टिपलं.

म्हातारी बाजारात गेलेली. रान मोकळं होतं. म्हातारा ओट्यावर चढला. जुनी लांबी, म्हणजे काच धरून ठेवणारा तो खडूसारखा लगदा, दगड झाली होती. ती त्यानं पेचकसानं फोडली, मग भाजीच्या सुरीनं खरवडली. सुरीचं टोक गेलं. एका कोपऱ्यातला गोळा काही केल्या निघेना, तो तसाच सोडला. मग दुधी काच उचलली आणि चौकटीला लावली.

काच मोठी.

इकडून मोठी, तिकडून मोठी. आडवी धरली, उभी धरली, तिरकी धरली. म्हाताऱ्यानं विचार केला आणि त्याचं ठाम मत झालं की खिडकी आटली. जुनं लाकूड आटतंच. पण तासाभरात दोन इंच आटलं म्हणजे काय! या विचारात काच चौकटीवर दाबून धरली होती तेवढ्यात एक भानगड त्याच्या लक्षात आली. ओट्यावरून उतरायचं तर एक हात सोडायला हवा, आणि एक हात सोडला तर काच जाणार. म्हणजे बायको बाजारातून येईपर्यंत आपण आता ओट्यावर, हात वर करून, पोलिसानं पकडल्यासारखे.

पलीकडून आवाज आला. "कोण आहे तिकडे?"

"मी आहे."

"काय करताय?"

"काही नाही. उभा आहे."

जरा वेळ गेला. "अजून उभेच आहात का?"

"माझं घर आहे. मी कितीही वेळ उभा राहीन!"

"हात थरथरताहेत तुमचे. काचेतून दिसतंय."

दुधी काचेतून एवढंच नेमकं दिसतं, हे काचवाल्यानं सांगितलं नव्हतं. घड्याळजी जिने उतरून, जिने चढून आला. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यानं काच धरली, म्हाताऱ्याला खाली घेतलं, काच टेबलावर ठेवली, चौकट बघितली, काच बघितली आणि हळूच म्हणाला, "वहिनींच्या टेपनं मोजलंत ना?"

"मग?"

"त्याचे पहिले दोन इंच कापलेले आहेत हो. टेप दोनपासून सुरू होतो. वहिनी नेहमी दोन वजा करतात."

म्हाताऱ्यानं टेप उघडून बघितला. टोकाला नीट शिवण घातलेली आणि पहिलाच आकडा तीन. चौतीस वर्षं रोज सकाळी शून्य बघणारा माणूस! पण त्याला त्याची लाज वाटली नाही. त्याला भलतंच लागलं.

"माझ्या बायकोचा टेप कुठून सुरू होतो हे तुम्हाला कसं माहीत?"

"त्यांनीच सांगितलं. माप घेताना."

"कुणाचं माप?"

घड्याळजी खाली बघायला लागला. तेवढ्यात म्हातारी पिशवी घेऊन दारात.

"बोला ना!" म्हातारा घड्याळजीला म्हणाला आणि बायकोकडे वळला. "कुणाचं माप घेत होतीस गं तू? मी डोळ्यांनी बघितलंय. हा हात पसरून उभा होता!"

"खिडकीचं," म्हातारी म्हणाली. "खिडकीला पाठ लावून दोन्ही हातांनी त्यांनी टेप चौकटीवर धरला होता, मी आकडा बघत होते. पडदे शिवतेय त्यांना."

"पडदे? दोन वर्षांत लागले नाहीत, आता कशाला?"

शेवटी म्हातारीनं पिशवी खाली ठेवली. "सांगू? तुम्ही दिवसभर त्यांच्याकडे टक लावून बघता. त्या माणसाला घास गिळवेना. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप शिवत होते मी."

म्हाताऱ्याला बसायला खुर्ची लागली.

घड्याळजी बिचारा जाऊन काच कापायची हिरकणी घेऊन आला. काचेवर पट्टी ठेवली, एक रेघ ओढली, बोटानं टिचकी मारली आणि दोन इंच काच अशी सुटली जशी काही तिचं तिथं कधी नव्हतंच. दुसरी बाजूही तशीच. म्हाताऱ्याला त्या टिचकीचासुद्धा हेवा वाटला. मग कोपऱ्यातला तो गोळा घड्याळजीनं चिमट्यानं अलगद ओढून काढला.

"ही पाचर बघा. काच आधीच ताणात होती. नुसतं कुणाचं कपाळ टेकलं असतं तरी फुटली असती."

"तेच तर!" म्हातारा खुर्चीतून उठलाच. "नुसतं टेकलं होतं मी!"

म्हातारीनं टेंगळाकडे बोट केलं.

"आणि पाखरू?" म्हातारी म्हणाली.

म्हातारा परत बसला. पण म्हातारीचं लक्ष आता चिमट्याकडे होतं. तिनं ती पाचर हातात घेतली, पदरानं लांबीची भुकटी पुसली, उलगडली. पिवळी पट्टी. तिच्यावर एक आणि दोन.

तेव्हा म्हाताऱ्याला आठवलं. वीसेक वर्षांपूर्वी वाऱ्यानं खिडकी खडखडायची, झोप येत नव्हती, हाताला टेप लागला आणि त्यानं टोक कापून फटीत कोंबलं होतं. सकाळी विसरला. टेप कापलेला दिसल्यावर घरात एवढा आरडाओरडा झाला, आणि आळ आला आठ वर्षांच्या लेकीवर. बाहुलीच्या पट्ट्यासाठी कापला असणार! तिला दिवसभर कोपऱ्यात बसवलं होतं. कोपऱ्यात बसवणारा म्हाताराच होता.

लेकीला फोन गेला. पंधरा दिवसांनी सवड काढून ती आली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, मी हे लिहीत बसलोय.

काच छान बसली. म्हातारीचा राग दोन दिवसांत उतरला. "मनात एवढं होतं तर बोलायचं ना," म्हणाली, आणि निळ्या रेघांचं चांगलं कापड घेऊन आली. एक्केचाळिसावा शर्ट. टेपला तो तुकडा तिनं परत जोडून घेतला होता. म्हाताऱ्याला समोर उभा करून छाती, खांदा, बाही सगळं मोजलं. म्हातारा इतका ताठ उभा राहिला की श्वास घ्यायचा विसरला. खिडकी उघडी हवी होती असंही त्याला वाटलं, समोरच्याला दिसलं असतं.

शर्ट शिवून झाला. छातीवर बटण लागेना. बाह्या मनगटाच्या वर. कारण टेप आता शून्यापासून सुरू होत होता आणि म्हातारी वीस वर्षांच्या सवयीनं प्रत्येक मापातून दोन इंच वजा करत गेली होती.

"आता याचं काय करायचं?" म्हातारी म्हणाली. "एवढं कापड वाया जायचं." आणि तिनं खिडकी उघडली. "भाऊजी, जरा हा घालून बघता का?"

अंगावर ओतल्यासारखा बसला. खांद्यावर सुरकुती नाही. "अगदी माझं माप घेऊन शिवल्यासारखा झालाय, वहिनी," असं तो म्हणाला. माझ्यासमोर म्हणाला. हो, माझ्यासमोर, आता लपवून काय करू? आता रोज संध्याकाळी तो समोर चहा पीत बसतो आणि दुधी काचेतून मला फक्त निळ्या रेघा दिसतात.

बायकोची मी माफी मागितली. लेकीची मागितली, वर हे चार पानी लिहूनही दिलं. आता माफी मागायची कुणाची राहिली असेल, तर माझा शर्ट घालून समोर बसलेल्या त्या घड्याळजीची.